तीन कोडी

गोळी बारकी. खाली पडली तर
गोलम निवडावं तशी शोधावी लागते.
डॉक्टर म्हणाले होते, सिस्टर, या एकाच होडीत
औषध आणि विख शेजारी बसलेत.
रोज सकाळी नाडी मोजायची,
साठाच्या वर असेल तर द्यायची,
खाली असेल तर आधी फोन.

सांगायला सोपं.
पण बाबल तांडेलाच्या घरात साठ कुणाला येतात?
तो समुद्र वावांनी मोजणारा, दोरीला शिसं बांधून.
सत्यवतीबाईंना विचारलं, मोजता येतं?
त्या हसल्या.
"गे बाय, चाळीस वर्सां बांगडे इकलंय,
मोजूक येना नाय तर पोरां काय वाऱ्यार वाडली?"

मग कळलं, त्या कोडीनं मोजतात.
वीस वीस करत, प्रत्येक विसाला एक बोट दुमडून.
तीन बोटं दुमडली की साठ.

उपकेंद्राच्या भिंतीवरचं घड्याळ मी काढून दिलं,
रजिस्टरात लिहिलं, नादुरुस्त.
तांबडा काटा एक फेरी मारेपर्यंत मोजा.
अंगठा नका लावू,
अंगठ्याला स्वतःची नाडी असते, तो खोटी साक्ष देतो.
अर्धीच फेरी मोजून दुप्पट नका करू,
यांचं काळीज ठेक्यात चालत नाही,
कधी तीन लाटा लागोपाठ,
कधी दर्या नुसता बघत बसतो.
चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडीनं नका देऊ.
अन्न नकोसं झालं, उलटी झाली,
डोळ्यांपुढे काही वेगळं आलं, तर मला कळवा.

त्यांनी मान हलवली.
मला वाटलं, निम्मं खाडीत जाणार.

कार्तिकात गेले तर दाराआड कोळशाच्या रेघा.
तीन रेघा, वर सात टिंबं.
तीन रेघा, वर बारा.
एक गुरुवार कोरा.
"भांडलाव आमी. हात दिल्यान नाय माका."
मग गोळी?
"नाडी नाय तर गोळी नाय. तूच सांगितलंस मां?"

मार्गशीर्षात, अजून उजाडलं नव्हतं, फोन वाजला.
"दोन कोडी नि वर अकरा.
दोनदा मोजलंय. गोळी दिलंय नाय."
मागून त्याचा आवाज, वैतागलेला:
सांग तिका, सरंगो पुढ्यात आसा नि वास सोसना नाय.
आणि इचार,
दीपस्तंभाक हळद कोणी फासल्यान?

मी उठून बसले.
पिवळं दिसणं मी पुस्तकात वाचलं होतं,
एका ओळीत, परीक्षेपुरतं.
माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

एकशेआठ यायला पाऊण तास.
तोवर त्याला उताणा निजवून मी मनगट धरून बसले
आणि सत्यवतीबाई दुसरं मनगट,
दोघी वेगवेगळ्या आकड्यांत
एकच माणूस मोजत.

मूत्रपिंडं मंदावली होती, डॉक्टर म्हणाले.
बंदराच्या तोंडाशी गाळ साचावा
तशी गोळी आत साचत गेली, रोज थोडी,
कुणाचीच चूक नसताना.
आजची अजून एक गेली असती तर...
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

पाचव्या दिवशी तांडेल घरी आला.
गोळी आता अर्धी, रक्ताची तपासणी ठरल्या तारखेला.
ओसरीवर बसून जाळं विणतो,
सकाळी बोलावण्याआधी हात पुढे करतो
आणि बायकोनं तिसरं बोट दुमडलं
की हळूच विचारतो, भरली कोडी?

काल जिल्ह्याहून साहेब आले तपासणीला.
भिंतीवर खिळ्याखाली
चुन्याचा गोरा गोल उरलाय, त्याकडे बघून म्हणाले,
घड्याळ?
नादुरुस्त, साहेब.
खाडीपलीकडे तेव्हा तांबडा काटा
बारावरून नुकता सुटला असेल.